सोसायटीच्या गेटवर चेहरा मागता येतो का?

घोडबंदर रोडवरच्या १८० फ्लॅटच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं आहे: "वार्षिक सभेत बहुमताने ठराव करून आम्ही गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवलं. रहिवासी, कामवाल्या मावशी, ड्रायव्हर, सगळ्यांचे चेहरे नोंदवून घेतले. आता एक ज्येष्ठ सभासद लेखी पत्र देऊन म्हणतात, माझा आणि माझ्या नातीचा चेहरा मशीनमधून काढा, नाहीतर नव्या डेटा कायद्याखाली २५० कोटींच्या दंडाची तक्रार करतो. ठराव झालेला असताना एकट्या माणसाला असं म्हणता येतं का? मशीन काढावं लागेल का?"

आधी झटपट उत्तर देते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. त्यांना असं म्हणता येतं. मशीन काढावंच लागेल असं नाही. आणि २५० कोटींच्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका.

आता सावकाश. मी ठाण्यात एकोणीस वर्षं वकिली करते. सुरुवात सोसायट्यांच्या भांडणांपासून झाली: पार्किंग, गळती, थकबाकी, टेरेसवरचं पत्र्याचं छप्पर. गेली काही वर्षं ऐरोली-महापेकडच्या कंपन्यांचे डेटाचे करारनामे तपासते. ही दोन कामं कधी एकमेकांना भेटतील असं वाटलं नव्हतं, तुमच्यासारख्या सोसायट्यांच्या गेटवर ती भेटली. तुमचा व्हेंडरबरोबरचा, म्हणजे मशीन आणि ॲप पुरवणाऱ्या कंपनीबरोबरचा, करारनामा मी पाहिलेला नाही, गार्ड तुमच्या पगारावर आहेत की एजन्सीचे हे मला माहीत नाही, आणि ठरावाचे नेमके शब्दही पत्रात नाहीत. या तीन गोष्टींवर बरंच काही अवलंबून आहे. तेव्हा पुढचं वाचताना जिथे "जर" येईल तिथे थांबून आपले कागद उघडा.

गेटवरची जुनी वही आठवते ना? लांबट, पुठ्ठ्याची, सुतळीने बॉलपेन बांधलेली. नाव, कुठून आलात, फ्लॅट नंबर, मोबाइल, वेळ, सही. पाहुणा उभ्या उभ्या काहीतरी खरडायचा आणि खरडताना वरच्या माणसाचा मोबाइल नंबर आरामात वाचायचा. खासगीपणाच्या नावाने सगळा आनंदच होता. पण तिच्यात एक गुण होता, वही विसरायची. पावसाळ्यात पानं चिकटायची, भरली की मीटर रूममध्ये पडायची, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जायची. "अकराशे तीनमध्ये रात्री नऊनंतर कोण कोण येतं" असं वहीला कुणी विचारू शकत नव्हतं. विचारायचं तर तीनशे पानं चाळत बसा. तुमच्या आजच्या मशीनला तोच प्रश्न विचारला तर चहाचा घोट घेईपर्यंत यादी येते, छापूनसुद्धा. त्या ज्येष्ठ सभासदांना नक्की काय खटकतंय हे मला पत्रातून कळलं नाही, पण बहुतेक हेच असावं. कायद्याने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जो रस्ता कापला तोही याच अस्वस्थतेतून.

तो रस्ता थोडक्यात. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा आला आणि दोनच वर्षांनी बॉस्टनच्या वॉरन आणि ब्रँडाइस या वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. झटपट छायाचित्रं आणि घरात डोकावणारी वर्तमानपत्रं, ही त्यांची तक्रार होती. पुढे सरकारी कार्यालयांत संगणक आले, आणि जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा १९७० मध्ये जर्मनीच्या हेसे राज्याने केला. युरोपचा आजचा कडक कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे.

आपल्याकडची गोष्ट उशिरा सुरू झाली. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा मुळात ऑनलाइन व्यवहार आणि डिजिटल सही यांसाठी. त्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३अ आलं: संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हलगर्जी केली आणि कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई. २०११ च्या नियमांनी संवेदनशील म्हणजे काय ते सांगितलं. पासवर्ड, बँकेचे तपशील, वैद्यकीय नोंदी आणि बायोमेट्रिक, म्हणजे बोटाचे ठसे, डोळ्याचं बुबुळ, चेहरा. मग २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर डेटा कायदा कसा असावा हे सुचवणाऱ्या श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा अहवाल, २०१९ चं विधेयक, ते २०२२ मध्ये मागे, आणि अखेर ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची सही होऊन डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं.

या प्रवासातली एक गंमत तुमच्या कामाची आहे. २०११ च्या नियमांत चेहरा "संवेदनशील" होता. २०२३ च्या कायद्यात संवेदनशील असा वेगळा वर्गच नाही. तुमचा फ्लॅट नंबर आणि तुमचा चेहरा, दोन्ही नुसता "वैयक्तिक डेटा". काही वकील मित्र म्हणतात, सुटसुटीत झालं. मला ते पटत नाही. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलणार? मशीन तुमचा फोटो नुसता जपून ठेवत नाही. डोळ्यांतलं अंतर, नाकाची ठेवण, जबड्याची रेघ यांवरून ते आकड्यांची एक माळ तयार करतं आणि दर वेळी ती जुळवून पाहतं. ती माळ बाहेर गेली की गेली.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. आज नेमकं काय लागू आहे? नियमांनी कायदा तीन टप्प्यांत अमलात आणायचं ठरवलं. डेटा संरक्षण मंडळ, म्हणजे तक्रारी ऐकून दंड ठरवणारी संस्था, स्थापन करण्याची कलमं नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाली. संमती व्यवस्थापक नावाच्या मध्यस्थांची नोंदणी त्यानंतर एक वर्षाने. आणि ज्यांनी तुमची झोप उडाली आहे ती कलमं, म्हणजे संमती, सूचना, डेटा काढून टाकणं, मुलांबाबतच्या अटी, ही अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. तोपर्यंत जुनं ४३अ आणि २०११ चे नियम चालू. पण ४३अ "व्यापारी किंवा व्यावसायिक काम करणाऱ्या" संस्थांसाठी आहे, गृहनिर्माण सोसायटी त्यात बसते का यावर वाद घालता येईल. तुमचा व्हेंडर मात्र नक्की बसतो.

नव्या कायद्यात असा वाद उरत नाही. "व्यक्ती" या शब्दात तिथे कंपनी, संस्था, व्यक्तींचा समूह, सगळं येतं. घरगुती कामासाठीची सूट फक्त व्यक्तीला आहे. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांनी स्वतःच्या दारावर कॅमेऱ्याची बेल लावली तर तो त्यांचा घरचा मामला म्हणता येईल. सोसायटीला "आम्ही सगळे एका कुटुंबासारखे" असं म्हणून त्या सवलतीत शिरता येणार नाही, गणपतीच्या वर्गणीत ते म्हणा हवं तर. त्या बेलचा कॅमेराही रस्त्याकडे तोंड करून असेल तर प्रश्न उठतोच. चेक प्रजासत्ताकात एका गृहस्थांच्या खिडक्या वारंवार फुटायच्या, म्हणून त्यांनी घरावर कॅमेरा लावला. काचा फोडल्याचा संशय असलेले दोघं त्यात टिपले गेले, आणि त्यांतल्या एकाने उलट तक्रार केली. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर ते निव्वळ घरगुती काम राहत नाही. आपल्यावर तो निकाल बंधनकारक नाही, पण उद्या आपल्या मंडळासमोर असं प्रकरण आलं तर वकील तो काढणार हे नक्की.

ठरावाचं काय? सोसायटीला बहुमताने पाण्याची टाकी दुरुस्त करता येते, लिफ्ट बदलता येते, गेटवर मशीन बसवायचा खर्चही मंजूर करता येतो. ठराव तेवढ्यापुरता पक्का आहे. संमती मात्र ज्याची त्याने द्यायची असते, तिच्यावर हात वर करून मतदान होत नाही. नव्या कायद्याच्या सहाव्या कलमात संमतीला लागलेली विशेषणं मी अशिलांना तोंडपाठ करायला लावते: मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त, निःसंदिग्ध, आणि स्पष्ट कृतीने दिलेली. शिवाय ती देणं जितकं सोपं, परत घेणंही तितकंच सोपं असायला हवं. नोंदणीला दोन मिनिटं लागली असतील तर "काढून टाका" म्हणणाऱ्याला तीन अर्ज आणि कमिटीची मीटिंग दाखवता येणार नाही.

युरोपात कंपन्यांना "आमचं रास्त हित आहे" असा एक आधार घेता येतो. आपल्या कायद्यात तो दरवाजा ठेवलेलाच नाही. सातव्या कलमात संमतीशिवायचे मोजके आधार आहेत. त्यांतला एक असा की माणसाने स्वतःहून माहिती दिली आणि नको असं सांगितलं नाही, तर त्या कामापुरती ती वापरता येते. गेटवर पाहुणा नाव-नंबर सांगतो ते यात चालून जाईल. तुमच्या सभासदांनी तर "नको" असं लेखीच दिलंय, त्यामुळे त्यांच्याबाबत हा आधार संपला. दुसरा आधार नोकरीच्या कामासाठीचा. सोसायटीच्या स्वतःच्या पगारावरचा मॅनेजर किंवा सफाई कामगार त्यात येऊ शकेल. कामवाल्या मावशी तुमच्या सोसायटीच्या नोकर नाहीत, त्या बाविसाव्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी नोकर आहेत.

आणि इथेच, खरं सांगते, मला तुमच्या सभासदांपेक्षा मावशींची जास्त काळजी वाटते. तुमच्या पत्रात त्या एका शब्दात येऊन गेल्या. सभासदांकडे लेटरहेड आहे, वेळ आहे, बहुतेक एखादा वकील भाचाही असेल. मावशींकडे काय आहे? मागच्या पावसाळ्यात कासारवडवलीकडच्या एका सोसायटीत सकाळी सव्वासातला मी हे स्वतः पाहिलं. आठ-दहा बायका रांगेत, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, खांद्यावर ओली पिशवी. मशीन एकीचा चेहरा घेईना. तिने टोपी काढली, केस मागे सारले, पदराने तोंड पुसलं. तरी लाल दिवा. गार्ड म्हणाला, "मावशी, जरा हसा." मागच्या बायका हसल्या, ती हसली नाही. शेवटी फ्लॅटमध्ये फोन करून सोडलं, तोवर वीस मिनिटं गेली होती. वरच्या घरी तिला उशिराबद्दल काय ऐकून घ्यावं लागलं असेल याचा अंदाज तुम्ही करा. त्या बाईची "मुक्त" संमती कुठल्या कागदावर होती, असं मी तिथल्या चेअरमनना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, फोटो काढताना तिने नाही म्हटलं नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून म्हटलं नाही. यावर स्वीडनचं एक प्रकरण नेमकं बसतं. शेलेफ्टिओ गावातल्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहऱ्यावरून घेऊन पाहिली, पालकांची संमतीही घेतली होती. तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने २०१९ मध्ये २ लाख क्रोनरचा दंड केला. म्हणणं असं की शाळा आणि विद्यार्थी यांच्यात ताकदीचा इतका फरक आहे की ती संमती खरी धरता येत नाही, आणि हजेरी तर साध्या हाकेनेही लागते. आपल्या कायद्यातही गरजेपुरताच डेटा घ्यायचं तत्त्व आहे. कायद्यातच उदाहरण दिलंय: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि तुम्ही होय म्हणालात, तरी ती सल्ल्यासाठी लागत नसल्याने ते होय तिथे लागू होत नाही. मग गेट उघडायला चेहराच लागतो का? कार्डाने उघडत नाही का? हा प्रश्न कमिटीने स्वतःला विचारून त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवावं. काही सोसायट्यांत उत्तर खरंच "लागतो" असं येईल, कार्डं भाड्याने फिरतात वगैरे. तसं असेल तर तसं लिहा.

नातीबद्दल. १८ वर्षांखालील प्रत्येकजण या कायद्यात मूल आहे, आणि मुलाच्या डेटाला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. तुमच्याकडे नोंदणीच्या वेळी तिच्या आईवडिलांनी काही दिलंय का? आजोबा कायदेशीर पालक नसतील तर त्यांचं होय आणि नाही दोन्ही तांत्रिकदृष्ट्या अपुरं. पण त्यावर वाद घालू नका. माझा सल्ला सरळ आहे: लहान मुलांचे चेहरे मशीनमध्ये ठेवूच नका. सहावीतली मुलगी खाली सायकल चालवायला गेली, हे सांगायला गार्डदादा पुरेसे आहेत.

आता ते २५० कोटी. हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, आणि तो डेटाची वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल. डेटा फुटला आणि कळवलं नाही, किंवा मुलांबाबतच्या अटी मोडल्या, तर २०० कोटींपर्यंत. बाकीच्या बहुतेक चुकांना ५० कोटींपर्यंत. मंडळाने दंड ठरवताना चूक किती गंभीर, किती काळ चालली, पुन्हा झाली का, सुधारायला काय केलं, दंड प्रमाणात आहे का, हे सगळं पाहायचं आहे. १८० फ्लॅटच्या सोसायटीला कुणी २५० कोटी लावणार नाही. शिवाय दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते, तक्रारदाराला त्यातला रुपया मिळत नाही. उलट नवा कायदा पूर्ण लागू होईल तेव्हा ४३अ रद्द होणार, म्हणजे भरपाईची जुनी वाटही बंद. माझ्या मते हा या कायद्याचा सगळ्यात मोठा दोष आहे, पण तो आज तुमच्या फायद्याचा आहे म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

कायद्याप्रमाणे तक्रारदाराने आधी तुमच्याकडे दाद मागायची आणि मग मंडळाकडे जायचं. म्हणजे त्यांचं पत्र ही धमकी समजू नका, ती पहिली पायरी आहे. कमिटीतलं कुणीतरी नक्की शोधून काढेल की खोटी किंवा निरर्थक तक्रार करणाऱ्यालाही १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते कलम त्यांच्या तोंडावर फेकू नका. त्यांची तक्रार खोटीही नाही आणि निरर्थकही नाही.

माझ्या अनुभवात सोसायट्या जिथे खरोखर अडकतात ती जागा म्हणजे व्हेंडर. तुम्हाला वाटतं डेटा कंपनीकडे आहे, म्हणजे जबाबदारीही तिची. नव्या कायद्यात करारात काहीही लिहिलेलं असो, जबाबदार तुम्ही. कंपनी तुमच्या वतीने काम करणारी, एवढंच तिचं स्थान. आता करारनामा शोधा. बहुधा सापडणार नाही, कारण तो कागदावर झालेलाच नसतो. माझ्याकडे आलेल्या एका सोसायटीत खजिनदारांनी स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी टाकून चौदा पानी अटी मान्य केल्या होत्या. नवव्या पानावर लिहिलं होतं की कंपनी हा डेटा "सेवा सुधारण्यासाठी आणि भागीदारांसोबत" वापरू शकेल. भागीदार कोण? कर्ज देणारे, इंटरनेटवाले, गाद्या विकणारे. दुसऱ्या एका सोसायटीने ॲप बदललं, आणि आठ महिन्यांनी कळलं की जुनं ॲप सोडून गेलेल्या भाडेकरूंनाही निरोप पाठवतंय, म्हणजे त्यांचा डेटा जागच्या जागी होता. तो काढायला आम्हाला दोन नोटिसा लागल्या.

करारात मला काय दिसलं पाहिजे ते सांगते. डेटा कुठे ठेवला जातो: ठाणे-बेलापूर पट्ट्यात आज इतकी डेटा सेंटर आहेत की तुमचा चेहरा खाडीपलीकडेच असण्याची शक्यता आहे, पण तेही लिहून घ्या. गेटशिवाय दुसऱ्या कुठल्याही कामाला वापर नाही. करार संपला की अमुक दिवसांत सगळं पुसून तसं प्रमाणपत्र. आणि डेटा फुटला तर तुम्हाला किती तासांत कळवणार. शेवटचं महत्त्वाचं, कारण नव्या नियमांत बाधित लोकांना विनाविलंब आणि मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा आहे. कंपन्यांवर सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा, असे प्रकार सहा तासांत कळवण्याचा २०२२ चा आदेश आहेच. व्हेंडरने तुम्हाला चौथ्या दिवशी सांगितलं तर तुमचे ७२ तास कसे पाळणार?

सीसीटीव्हीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. डीव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, पंधरा-तीस दिवसांत जुनं पुसून नवं चढतं, त्यामुळे तो निदान वहीसारखा विसरतो. घोळ होतो तो कुणीतरी क्लिप मोबाइलवर घेऊन सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो तेव्हा. "हा डिलिव्हरी बॉय चप्पल घेऊन गेला, सावध राहा." चप्पल नंतर शेजारच्या मजल्यावर सापडते, क्लिप मात्र तोवर तीन सोसायट्यांत फिरलेली असते. गुन्ह्याचा तपास आणि कायदेशीर हक्क बजावणं यासाठी कायद्यात सूट आहे, म्हणून पोलिसांनी पत्र दिलं की फुटेज द्या आणि पोच घ्या. ग्रुप म्हणजे पोलीस नव्हे. वहीच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला तरी तोही डिजिटल डेटा होतो, हेही लक्षात असू द्या. नुसत्या कागदी वहीला हा कायदा लागत नाही.

एक आडवी सूचना. काही कमिट्या आता "प्रायव्हसी" म्हणत सभासदांना हिशेब आणि सभासद यादी दाखवायला नकार देऊ लागल्या आहेत. सभासद नोंदवही सहकार कायद्यानेच ठेवावी लागते आणि कागद पाहायचे सभासदांचे हक्क तिथेच लिहिलेले आहेत. चेहऱ्याच्या मशीनचा आणि त्याचा काही संबंध नाही. उपनिबंधकांसमोर हे कारण दिलंत तर फजिती होईल. तसंच गार्डने पाहुण्याच्या आधार कार्डाचा फोटो काढणं आजच थांबवा. तसा कुठलाही कायदा नाही, आणि ओळख पटवायचीच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र नुसतं बघून परत देता येतं.

मग करायचं काय? त्या सभासदांचा आणि नातीचा चेहरा काढून टाका, आणि हे मे २०२७ ची वाट न पाहता करा. त्यामागे एक व्यवहारी कारणही आहे. नव्या नियमांत एक तरतूद अशी आहे की प्रक्रिया केलेला डेटा आणि नोंदी सरकारी चौकशीसारख्या कामांसाठी किमान वर्षभर ठेवायच्या. एकीकडे काम संपलं की पुसा, दुसरीकडे वर्षभर ठेवा. या दोन्हींचा मेळ कसा बसेल हे मंडळाचे निर्णय येऊ लागले की कळेल. तोवर माझ्या अशिलांना मी एकच सांगते, जे गोळाच केलं नाही ते पुसायचा प्रश्न येत नाही. आणि आज पुसायला कुणाची आडकाठी नाही.

मशीन ठेवायचं असेल तर ते ऐच्छिक करा. चेहरा नको असेल त्याला कार्ड, फुकट, त्याच गेटने, त्याच वेळात. कार्डवाल्यांसाठी मागचं गेट आणि चेहरावाल्यांसाठी पुढचं, असला प्रकार नको. आधी नोंदवलेल्या सगळ्यांना कायद्याप्रमाणे सूचना द्यावी लागेलच, ती आत्ताच द्या. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचता येईल अशी सोय ठेवायची आहे, म्हणजे मराठीतही. व्हेंडरचा छापील तर्जुमा लावू नका, तो वाचून मलाच घाम फुटतो. मी एका सोसायटीसाठी लिहून दिलेली पाटी खाली देते, हवी तशी बदला:

"मावशी, ताई, दादा: या गेटवर चेहरा नोंदवायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. नोंदवलात तर तो फक्त गेट उघडायला वापरू. तुमचा पगार, रजा, वागणूक यांच्याशी तो जोडणार नाही. नको असेल तर ऑफिसमधून कार्ड घ्या, त्याचे पैसे नाहीत. आधी दिलेला चेहरा परत घ्यायचा असेल तर ऑफिसमध्ये नुसतं तोंडी सांगा, कारण विचारणार नाही. कुणी ऐकलं नाही तर सेक्रेटरींना फोन करा, नंबर खाली आहे. त्यांनीही ऐकलं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते."

पाटीतल्या तिसऱ्या वाक्याकडे नीट बघा. काही ॲपमध्ये मावशींची हजेरी सगळ्या घरांना दिसते, तारे देऊन शेरेही मारता येतात. ती सोय तुमच्याकडे चालू असेल तर आधी बंद करा आणि मग पाटी लावा, नाहीतर पाटी खोटी ठरेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गार्डने वाचून दाखवावी.

आणि त्या सभासदांना टपालाने उत्तर पाठवू नका. कमिटीतले दोघं त्यांच्या घरी जा, चेहरे पुसल्याची तारीख आणि व्हेंडरची मेल छापून द्या, कार्ड हातात द्या. जमलं तर ही मराठी पाटी आधी त्यांनाच वाचायला द्या. इतकं लक्ष देऊन पत्र लिहिणारा माणूस त्यात दोन चुका नक्की काढेल आणि त्या बहुधा बरोबर असतील. करारनामा सापडला तर त्यातली डेटाची कलमं इथे टाका, सोसायटीचं आणि कंपनीचं नाव झाकून. मी पाहून सांगते.